जिवंत रॅटपर्यंत पोहोचताना : प्रायोगिक हृदयरोपणासाठी मायक्रोसर्जरी शिकणाऱ्यांना

प्रत्यारोपणाच्या प्रयोगशाळेत नवा विद्यार्थी आला की पहिल्याच आठवड्यात विचारतो, ‘‘रॅटवर ऑपरेशन कधी करायला मिळेल?’’ माझे उत्तर ठरलेले आहे. रबराच्या तुकड्यावर, सिलिकॉनच्या नळीवर आणि कोंबडीच्या तंगडीवर जे जे शिकता येते ते सगळे शिकून झाले, की मग. जिवंत प्राण्यावर शिकायला फक्त एवढेच उरले पाहिजे : वाहते रक्त, हात लागताच आकसणारी धमनी आणि श्वासाबरोबर हलणारे पोट. सुई कशी धरायची हे समजण्यासाठी कुणाचा जीव खर्ची पडू नये, असे मला मनापासून वाटते. पुढचा सगळा क्रम त्याच भावनेतून ठरवलेला आहे.

आपल्याला पोहोचायचे आहे ते रॅटच्या पोटातल्या हृदयरोपणापर्यंत. यात ग्राही रॅटचे, म्हणजे ज्याच्यात हृदय बसवायचे त्याचे, स्वतःचे हृदय छातीत जसेच्या तसे राहते. दात्याचे हृदय पोटात, एओर्टा (मुख्य धमनी) आणि व्हेना कॅव्हा (मुख्य शीर) यांना जोडतात. ते तिथे धडधडते, पण रक्त पुरवण्याचे काम करत नाही. त्यामुळे शरीराने ते नाकारले तरी प्राणी लगेच दगावत नाही, आणि पोटावर बोट ठेवून रोज त्याचे ठोके तपासता येतात. ओनो आणि लिंडसे यांनी १९६९ मध्ये या पद्धतीला जे रूप दिले, तेच थोड्या फेरफाराने आजही वापरात आहे.

हे कशासाठी करायचे, हेही आधीच सांगतो. केंब्रिजमध्ये रॉय कान यांच्या प्रयोगशाळेत कोस्टाकिस या तरुण ग्रीक सर्जनने अशीच हृदये रॅटमध्ये बसवली आणि त्या रॅटना ऑलिव्ह तेलात विरघळवलेले सायक्लोस्पोरिन, म्हणजे परका अवयव नाकारण्याची शरीराची क्रिया दाबणारे औषध, दिले. हृदये टिकली. तो निबंध १९७७ चा, आणि १९७८ मध्ये ते औषध माणसांना देण्यात आले. त्याआधी दहा वर्षे, फेब्रुवारी १९६८ मध्ये, मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी भारतातले पहिले मानवी हृदयरोपण केले होते. रुग्ण काही तासच जगला. त्या काळी जगभरात ज्यांची शस्त्रक्रिया यशस्वी झाली त्यांच्यापुढेही रिजेक्शनची, म्हणजे शरीराने परके हृदय नाकारण्याची, भिंत उभीच होती. त्या भिंतीला भोक पाडणाऱ्या कामात दोन-अडीचशे ग्रॅमच्या प्राण्यांचा मोठा वाटा आहे. मायक्रोस्कोपखाली बसताना मला त्याची आठवण राहते.

शब्दांबद्दल एक खुलासा

मराठीत रॅट आणि माउस या दोघांनाही आपण उंदीरच म्हणतो. प्रयोगशाळेत मात्र हा फरक फार मोठा आहे. रॅट अडीचशे-तीनशे ग्रॅमचा, माउस पंचवीस ग्रॅमचा. म्हणून इथे ‘रॅट’ आणि ‘माउस’ हेच शब्द ठेवले आहेत. नवख्याने सुरुवात रॅटवरच करावी. जनुकीय बदल केलेले वाण माउसमध्ये जास्त मिळतात, त्यामुळे गाइड तुम्हाला थेट माउसवर बसवू पाहतील. त्यांना नम्रपणे सहा महिने मागून घ्या.

पहिली पायरी : कागद

भारतात कोणत्याही प्राण्यावर प्रयोग करायचा तर संस्थेची अ‍ॅनिमल हाउस नोंदणी सीसीएसईएकडे असावी लागते आणि तुमचा प्रस्ताव संस्थेच्या अ‍ॅनिमल एथिक्स कमिटीने मंजूर केलेला असावा लागतो. सीसीएसईए म्हणजे प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणारी सरकारी समिती, जिला बरीच वर्षे आपण सीपीसीएसईए म्हणत होतो. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि १९९८ चे नियम हा तिचा आधार. बऱ्याच जणांना वाटते की परवानगी ‘खऱ्या’ प्रयोगाला लागते, सरावाला नाही. तसे नाही. सरावासाठी लागणारे रॅटही प्रस्तावात संख्येसह आणि कारणासह लिहावे लागतात.

परदेशात शिकायला जाणाऱ्यांनी तिथला कायदा आधी वाचावा. ब्रिटनमध्ये केवळ हात बसवण्यासाठी जिवंत प्राणी वापरण्याला पूर्वीपासून बंदी होती. १९८६ च्या कायद्याने त्यातून मायक्रोसर्जरीला वाट दिली, पण प्राणी भुलीतून जागा होता कामा नये या अटीवर. ही अट मला इतकी योग्य वाटते की आपल्याकडेही पहिल्या टप्प्याला तीच लावावी, असे मी सुचवेन.

रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेली तीन तत्त्वे, म्हणजे पर्याय शोधा, संख्या कमी करा, वेदना कमी करा, फॉर्ममध्ये सगळेच लिहितात. ती पाळली जातात ती मात्र टेबलावर. नीट सराव केलेल्या माणसाला पंधरा रॅट पुरतात तिथे घाई करणाऱ्याचे तीस जातात.

दुसरी पायरी : बसायला शिका

हे वाचून कुणी पान उलटेल, म्हणून जरा थांबून सांगतो. मायक्रोसर्जरीतली निम्मी थरथर खुर्चीतून येते. खुर्चीची उंची अशी ठेवा की दोन्ही तळपाय जमिनीवर सपाट टेकतील आणि मांड्या जमिनीला समांतर राहतील. मायक्रोस्कोप तुमच्या डोळ्यांपाशी आणा, मान त्याच्याकडे वाकवू नका. कोपरापासून करंगळीपर्यंत हाताची पूर्ण कड टेबलावर किंवा घडी घातलेल्या टॉवेलवर विसावली पाहिजे. मनगट हवेत राहिले की हात कापणारच. हलवायची ती फक्त अंगठा, तर्जनी आणि मधले बोट, पेन धरल्यासारखी.

आयपीसचे अंतर आपल्या डोळ्यांप्रमाणे लावा. आधी सर्वांत जास्त मॅग्निफिकेशनवर फोकस करा, मग कमी करत या, म्हणजे मधल्या कुठल्याही झूमवर चित्र स्वच्छ राहते. शोधाशोध आणि गाठी कमी झूमवर, टाका घालताना जास्त. झूम वाढला की दिसणारे क्षेत्र आणि फोकसची खोली दोन्ही घटतात. नवख्यांना वाटते जितके मोठे दिसेल तितके सोपे, आणि मग सुई चित्राबाहेर जाऊन हरवते.

आदल्या दिवशी जिममध्ये वजने उचलली असतील किंवा लोकलच्या गर्दीत जड बॅग खांद्यावर घेऊन आला असाल, तर हात ते सांगतो. वीस मिनिटे स्वस्थ बसा. चहा-कॉफीचे प्रत्येकाचे वेगळे असते. रोज घेणाऱ्याने त्या दिवशी अचानक सोडूही नये.

तिसरी पायरी : हत्यारे

थोडीच लागतात. सोनार किंवा घड्याळजी वापरतात तसले टोकदार चिमटे, तीन आणि पाच नंबरचे, एकूण तीन तरी. लॉक नसलेला, वाकड्या टोकाचा मायक्रो नीडल होल्डर. लॉक उघडताना जो झटका बसतो तो एक मिलिमीटरच्या धमनीला सोसत नाही. एक सरळ आणि एक वाकडी मायक्रो कात्री. रक्तवाहिनीचे क्लॅम्प, एकेरी आणि जोडी. बोथट टोकाची बारीक सुई लावलेली सिरिंज, हेपॅरिन (रक्त गोठू न देणारे औषध) घातलेल्या सलाइनने धुण्यासाठी. मागे ठेवायला निळा किंवा हिरवा पातळ तुकडा, ज्यावर धागा उठून दिसतो. बायपोलर कॉटरी, म्हणजे विजेच्या उष्णतेने बारीक वाहिन्या बंद करणारे उपकरण, असेल तर उत्तम.

धागा नायलॉनचा. त्याचे नंबर ‘आठ शून्य’, ‘नऊ शून्य’, ‘दहा शून्य’ असे सांगतात आणि आकडा वाढतो तसा धागा बारीक होतो. आठ शून्य साधारण ०.०४ मिलिमीटर जाडीचा, दहा शून्य ०.०२ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षा कितीतरी बारीक. रॅटच्या मांडीतल्या धमनीला दहा शून्य, पोटातल्या एओर्टाला आठ किंवा नऊ शून्य.

चिमट्याची टोके एकदा जमिनीवर पडली की संपली. मायक्रोस्कोपखाली पाहिल्याशिवाय टोक सरळ आहे असे मानू नका. काम झाल्यावर हत्यारे ज्याची त्याने धुवावीत, दुसऱ्यावर सोपवू नयेत. टोकांना सिलिकॉनच्या टोप्या घालून ठेवाव्यात.

चौथी पायरी : रबर

सर्जिकल ग्लोव्हचा तुकडा पुठ्ठ्याच्या चौकटीवर ताणून चिकटवा आणि मधोमध एक चीर द्या. या चिरेवर दोन आठवडे, रोज तासभर. आमच्याकडचा अलिखित नियम असा : सारख्या अंतरावर, सारख्या खोलीवर, धागा न तुटता शंभर टाके सलग घातल्याशिवाय पुढे जायचे नाही.

सुई उचलण्याची रीत आधी शिका. थेट सुईवर झडप घातली तर ती उडते. डाव्या चिमट्याने सुईपासून दोन-तीन सेंटिमीटरवर धागा धरा, सुई लोंबू द्या, ती पृष्ठभागाला टेकली की वळवून उजव्या हातातल्या होल्डरने पकडा. पकड मध्यापासून जरा मागे, धाग्याच्या बाजूला. टोकाजवळ धरली तर टोक बोथट होते, अगदी शेपटीकडे धरली तर सुई वाकते.

सुई भिंतीत काटकोनात घुसवायची आणि तिच्या वळणानेच पुढे न्यायची. ढकलायची नाही, फिरवायची. कडेपासून टाक्याचे अंतर भिंतीच्या जाडीच्या दुपटीहून फारसे जास्त नको. धागा ओढताना सावकाश, चिमट्याने दिशा देत, आणि शेवटचे टोक दोन-तीन मिलिमीटरच शिल्लक ठेवा. टोक लांब राहिले की गाठ मारताना ते शोधत बसावे लागते, हा नवख्यांचा सर्वांत जास्त वेळ खाणारा दोष. पहिला वेढा दुहेरी, मग उलट, मग पुन्हा उलट. गाठ इतकीच आवळा की दोन्ही कडा एकमेकींना टेकतील. रबर सुरकुतले म्हणजे जास्त झाले. जिवंत भिंत इथे कापली गेली असती.

डाव्या हाताने टाके घालण्याचाही सराव याच दिवसांत करा. एओर्टाच्या पलीकडच्या कडेला उजवा हात पोहोचत नाही तेव्हा हेच कामी येते.

पाचवी पायरी : चिकनवाल्याकडे

आधी एक-दीड मिलिमीटरची सिलिकॉन नळी, मग कोंबडीची तंगडी मांडीसह. आपल्याकडे चिकनवाला कातडी सोलूनच देतो आणि सोलताना वरच्या रक्तवाहिन्या ओढल्या जातात. म्हणून कातडीसह आणि न तोडता हवी, असे आधी सांगून ठेवा. मांडीच्या स्नायूंच्या फटीत पांढऱ्या नर्व्हच्या शेजारून धमनी जाते. तिची जाडी रॅटच्या कामाला अगदी जवळची. पंखातली धमनीही चालते. हातमोजे घाला, टेबल नंतर पुसा, आणि ही तंगडी रसायनांच्या किंवा जेवणाच्या फ्रिजमध्ये ठेवू नका.

इथे जो नवा धडा मिळतो तो धमनीच्या बाहेरच्या आवरणाचा, अ‍ॅडव्हेंटिशियाचा. कापलेल्या टोकाशी ते लोंबते आणि जोडात आत गेले तर त्यावर गुठळी धरते. शर्टाची बाही पुढे ओढून टोक कापावे तसे हे आवरण चिमट्याने टोकापलीकडे ओढा आणि कापा. सोडले की ते आपोआप मागे सरते. सगळी धमनी मात्र सोलू नका, कारण भिंतीची ताकद त्यातच असते. चिमट्याने धरायचे तेही हेच आवरण. आतल्या अस्तराला टोक लागले तर त्या जागी प्लेटलेट जमायला लागतात.

सहावी पायरी : भूल दिलेला रॅट, जो जागा होणार नाही

आता जिवंत प्राणी. भूल व्हेटच्या देखरेखीखाली. आयसोफ्लुरेन सुरुवातीला चार-पाच टक्के, नंतर दोनच्या आसपास. रॅटला उलटी होत नाही, त्यामुळे माणसासारखे उपाशी ठेवायची गरज नसते. डोळ्यांत मलम घाला, कारण भुलीत पापण्या मिटत नाहीत. मागच्या पायाचे बोट चिमटून पाहा. पाय आखडून घेतला तर भूल पुरेशी नाही, थांबा.

आणि ऊब. ही गोष्ट मी माझ्या चुकीतून शिकलो. भुलीतून जागा करायचा असलेला माझा पहिला रॅट टेबलावरून पिंजऱ्यात गेला आणि तासाभरात गेला. मी माझे टाके तपासत राहिलो. जोड उत्तम होता, गुठळी नव्हती, रक्तस्रावही नव्हता. मग लक्षात आले की गरम पॅडची वायर निघालेली होती आणि दोन तास उघडे पोट घेऊन तो प्राणी गार पडत गेला होता. त्या दिवसापासून थर्मामीटरची तार गुदद्वारात आणि आकडा समोर, ३७ अंशांच्या आसपास, याशिवाय मी पहिला छेद घेत नाही.

रक्ताचाही हिशेब डोक्यात ठेवा. रॅटमध्ये एका किलोला साधारण ६४ मिलिलिटर रक्त असते. अडीचशे ग्रॅमच्या रॅटमध्ये जेमतेम १६. एक मिलिलिटर सांडले की सहा टक्के गेले. गॉझचा एक छोटा बोळा लाल झाला तर आपल्याला तो क्षुल्लक वाटतो, त्या प्राण्याला नाही.

सरावासाठी जांघेतली फेमोरल धमनी घ्या, जवळपास एक मिलिमीटर जाडीची. नर्व्ह आणि शिरेपासून ती अलगद सोडवा, छोट्या फांद्या बांधा किंवा कॉटरीने बंद करा. ती आकसून दोऱ्यासारखी होईल. घाबरू नका. वर लिग्नोकेनचे काही थेंब टाका, कोमट सलाइनचा गॉझ ठेवा आणि पाच मिनिटे खरोखर थांबा.

जोडी क्लॅम्प लावा, आधी हृदयाकडचा, मग पायाकडचा. एका फटक्यात काटकोनात कापा. दोन्ही तोंडे हेपॅरिन-सलाइनने धुवा, रक्ताचा कणही राहू देऊ नका. आवरण छाटा. बंद चिमट्याचे टोक आत घालून तोंड अलगद रुंद करा.

टाक्यांची मांडणी समजून घेण्यासाठी थोडे मागे जाऊ. १८९४ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष सादी कार्नो लिऑनमध्ये सुऱ्याच्या वाराने मेले. फाटलेली मोठी शीर शिवता येईल असे तेव्हाच्या सर्जनांना वाटत नव्हते. त्याच शहरातल्या अलेक्सिस कॅरेलने १९०२ मध्ये तोडगा प्रसिद्ध केला : गोल तोंडाला सारख्या अंतरावर तीन टाके घाला आणि ताणा. वर्तुळाचा त्रिकोण होतो, प्रत्येक बाजू सरळ रेषेसारखी शिवता येते आणि समोरची भिंत मध्ये येत नाही. १९१२ चे नोबेल त्याला या कामासाठीही मिळाले. मायक्रोस्कोपखाली एक-दोन मिलिमीटरच्या वाहिन्या जोडता येतात हे जेकबसन आणि सुआरेझ यांनी १९६० मध्ये दाखवले, पण भूमिती कॅरेलचीच राहिली.

एक मिलिमीटरच्या धमनीला मी पहिले दोन टाके १२० अंशांवर घालायला सांगतो, म्हणजे घड्याळात दहा आणि दोनच्या जागी. दोन्ही ताणले की मागची भिंत आपल्या वजनाने खाली पडते, पुढच्या टाक्यात अडकत नाही. त्यांच्या मध्ये एक किंवा दोन टाके. मग क्लॅम्प उलटा करा, आत डोकावून पुढचे टाके आतून तपासा आणि मागच्या बाजूला तीन-चार. एकूण सहा ते आठ पुरतात. जास्त टाके म्हणजे जास्त सुरक्षित असे नाही, प्रत्येक टाका हा आतल्या अस्तराला झालेली एक जखमही असते. शेवटचे दोन टाके न बांधता आधी दोन्हीचे धागे घालून ठेवा, तोंड उघडे असताना पाणी मारून आत पाहा, मग बांधा. मागची भिंत शिवली जाणे ही चूक इथेच पकडता येते.

पायाकडचा क्लॅम्प आधी सोडा. मागून हळू येणाऱ्या रक्ताने कुठे गळते ते दिसते. मग वरचा. थेंब-थेंब गळती गॉझच्या हलक्या दाबाने दोन-तीन मिनिटांत थांबते. गॉझ दर दहा सेकंदांनी उचलून पाहण्याचा मोह आवरा. पिचकारी उडत असेल तरच पुन्हा क्लॅम्प आणि एक टाका.

रक्त खरोखर पलीकडे जाते का, हे असे पाहतात : जोडाच्या पुढे, पायाच्या बाजूला, दोन चिमट्यांनी धमनी शेजारी-शेजारी अलगद दाबा. दुसरा चिमटा पायाकडे सरकवत मधला भाग रिकामा करा. आता पहिला सोडा. रिकामा भाग झटकन भरला तर जोड वाहतो आहे. ही चाचणी एकदा लगेच आणि एकदा वीस मिनिटांनी. प्लेटलेटची गुठळी पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत धरते. क्लॅम्प सोडल्यावर लगेच ‘झाले’ म्हणून उठणाऱ्याला ती दिसतच नाही. त्यानंतर भुलीतच प्राण्याला शांतपणे निरोप द्या, जोड कापून काढा, उभा चिरा आणि आतून पाहा. तुमच्या हाताबद्दल सगळ्यांत जास्त इथेच कळते. प्रत्येकाचा फोटो वहीत चिकटवा.

सलग पाच जोड वीस मिनिटांनंतरही वाहते राहिले, की पोटाकडे वळायचे.

सातवी पायरी : हृदय

दोन टेबले, शक्यतो दोन माणसे. सुरुवातीला दाता आणि ग्राही एकाच वाणाचे घ्या, लुईस ते लुईस. एका वाणातले रॅट जनुकीयदृष्ट्या जवळजवळ सारखे असतात. तिथे रिजेक्शन होत नाही, त्यामुळे हृदय थांबले तर दोष तंत्राचा, हे स्पष्ट राहते. असे हृदय टिकायला लागल्याशिवाय ब्राउन नॉर्वे (दुसरे वाण) ते लुईस या जोडीला हात लावू नका. तिथे औषधाविना हृदय साधारण आठवडाभरात नाकारले जाते.

रक्ताचा मार्ग कागदावर स्वतः काढून पाहा. ग्राहीच्या एओर्टातले रक्त दात्याच्या एओर्टात उलट्या दिशेने शिरते. त्या दाबाने एओर्टाची झडप मिटते, म्हणून रक्ताला कोरोनरी धमन्यांची वाट उरते. स्नायूला पोसून ते उजव्या कर्णिकेत, तिथून उजव्या जवनिकेत आणि पल्मनरी आर्टरीतून (फुप्फुसाकडे जाणाऱ्या धमनीतून) ग्राहीच्या इन्फिरिअर व्हेना कॅव्हात, म्हणजे आयव्हीसीत येते. दोनच जोड का पुरतात आणि बाकीच्या सगळ्या शिरा का बांधून टाकायच्या, ते या चित्रातून उलगडते.

दाता : पोट उघडा, आयव्हीसीतून हेपॅरिन द्या, मिनिटभर थांबा. छाती उघडा. बर्फगार द्रावणाने हृदय थांबवा आणि वरूनही गार सलाइन ओता. आयव्हीसी बांधा, वरच्या दोन्ही व्हेना कॅव्हा बांधा. रॅटला त्या दोन असतात, डावी विसरली जाते. एओर्टा पहिली मोठी फांदी फुटण्याच्या अलीकडे कापा, पल्मनरी आर्टरी तिचे दोन भाग होतात तिथे. दोन्हींची लांबी जितकी जास्त मिळेल तितकी पुढे सोय. फुप्फुसांच्या सगळ्या शिरा एकत्र एकाच रेशमी गाठीत बांधून हृदय सोडवा आणि ४ अंशांच्या सलाइनमध्ये ठेवा.

ग्राही : पोट मध्यरेषेत उघडा, आतडी ओल्या कोमट गॉझमध्ये गुंडाळून बाजूला घ्या आणि तो गॉझ शेवटपर्यंत ओला ठेवा. मूत्रपिंडांच्या खाली, एओर्टा दुभंगते त्या जागेच्या वर, एओर्टा आणि आयव्हीसी यांचा तुकडा मोकळा करा. दोन्ही एकमेकींपासून सोडवण्याच्या भानगडीत पडू नका. एकत्रच क्लॅम्प लागतो. पाठीकडे जाणाऱ्या लंबर फांद्या शोधून बांधा. एक जरी सुटली तर एओर्टा उघडल्यावर तळातून रक्त येत राहते आणि टाके दिसत नाहीत.

क्लॅम्प लावला की घड्याळ सुरू. अनुभवी हात अर्ध्या तासाच्या आत उरकतो. वेळ लांबली तर मागच्या पायांचा आणि कण्याचा रक्तपुरवठा धोक्यात येतो. एओर्टावर सुईने भोक, मग कात्रीने चीर, दात्याच्या एओर्टाच्या तोंडाएवढीच. आयव्हीसीवर तशीच, जरा मोठी. दोन्ही धुवा. हृदय गार ओल्या गॉझमध्ये गुंडाळून जागेवर ठेवा आणि सहाय्यकाला दर मिनिटाला त्यावर गार सलाइनचे थेंब टाकायला सांगा.

आधी एओर्टा. चिरेच्या दोन्ही टोकांना एकेक टाका, मग एका बाजूने सलग शिवण, हृदय पलटून दुसऱ्या बाजूने. मग पल्मनरी आर्टरी ते आयव्हीसी. शिरेची भिंत ओल्या कागदासारखी, म्हणून मागची बाजू आतून आणि पुढची बाहेरून. सलग शिवणीत धागा जास्त ओढला की तोंड बटव्यासारखे आवळले जाते. बांधण्याआधी थोडा सैलपणा ठेवा. आणि पल्मनरी आर्टरीला पीळ पडलेला नाही ना, हे पहिल्या टाक्याआधी दोनदा पाहा. पीळ नंतर सुटत नाही.

गॉझ जोडाभोवती ठेवा, खालचा क्लॅम्प सोडा, अर्धा-एक मिनिट पाहा, मग वरचा सावकाश. हृदयावर कोमट सलाइन ओता. फिकट स्नायू गुलाबी होतो, वरच्या कोरोनरी लाल भरून येतात, आधी नुसती थरथर आणि मग, बहुधा मिनिटभरात, ठोके. कितीही वेळा पाहिले तरी त्या क्षणी मी हातातले काम थांबवतो.

आठवी पायरी : पिंजऱ्यातले दिवस

ऑपरेशन संपले असे इथे बऱ्याच जणांना वाटते, आणि प्राणी याच टप्प्यात जातात. पोट बंद करताना आत कोमट सलाइन, त्वचेखाली आणखी थोडे. वेदनाशामक जाग येण्याआधी द्या. ब्युप्रेनॉर्फिन किती आणि किती तासांनी, ते तुमच्या मंजूर प्रस्तावात लिहिलेले असते, त्यात आपल्या मनाने काटछाट नको. पिंजऱ्याचा अर्धाच भाग गरम ठेवा, म्हणजे प्राणी हवे तिथे सरकू शकतो. ओलसर मऊ खाणे जमिनीवर ठेवा, कारण पोटाला टाके असताना वरच्या जाळीपर्यंत उभे राहून खाणे त्याला दुखते.

जाग आल्यावर पहिली गोष्ट मागचे पाय. दोन्ही हलतात का, उबदार आहेत का? ओढत चालत असेल आणि काही तासांत सुधारत नसेल तर व्हेटला बोलवा आणि शेवटाचा निर्णय लांबवू नका. रॅट ओरडून दुखणे सांगत नाही. अर्धवट मिटलेले डोळे, सपाट झालेले नाक-गाल, मागे वळलेले कान, विस्कटलेली लव हे पाहायला शिका. डोळ्याभोवती लाल डाग दिसला तर ते रक्त नसते, ताणाखाली ग्रंथीतून झिरपणारे रंगद्रव्य असते. तो प्राणी बरा नाही एवढे त्यातून कळते. रोज ठरलेल्या वेळी वजन.

ठोके तपासणे रोज, शक्यतो एकाच माणसाने. रॅट हातात शांत होऊ द्या, मग जोडाच्या बाजूला पोटावर दोन बोटे हलकेच. जोर, वेग आणि स्पर्श यांवरून चारपासून शून्यापर्यंत गुण देतात : चार म्हणजे ठसठशीत, शून्य म्हणजे काहीच नाही. कोणता रॅट कोणत्या गटातला, औषधाच्या की औषधाविना, हे ज्याला माहीत आहे त्याने गुण देऊ नयेत. हाताला आशा असते आणि ती एखादा गुण जास्त देते. पहिल्या दोन-तीन दिवसांत थांबलेले हृदय बहुधा तंत्राच्या चुकीचे, त्याची नोंद रिजेक्शनमध्ये करायची नाही, हे प्रस्तावातच लिहून ठेवा.

शून्य गुण आला की दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या, भूल देऊन पोट उघडा आणि डोळ्यांनी खात्री करा. भुलीतच प्राण्याचा शेवट करा. हृदय आडवे कापून एक भाग फॉर्मॅलिनमध्ये, एक गोठवायला. डब्यावर पेन्सिलने प्राण्याचा क्रमांक, तारीख, कितवा दिवस. जोडाचा भाग वेगळा काढून आतून पाहा आणि जे दिसले ते त्याच दिवशी, त्याच वहीत, फेमोरलच्या फोटोंच्या पुढच्या पानावर लिहा.